केंद्राचा निधी जिल्ह्यापर्यंत : वाटपाची सूत्रे आणि समतोलाचा प्रश्न

केंद्र शासनाचे अंदाजपत्रक संसदेत सादर झाले की महाराष्ट्राच्या वाट्याला किती रक्कम आली, याची चर्चा सुरू होते. राज्याचे अंदाजपत्रक मांडले गेले की हाच प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवर विचारला जातो. आमच्या जिल्ह्याला काय मिळाले, शेजारच्या जिल्ह्याला अधिक का मिळाले, मिळालेला निधी खर्ची का पडला नाही, असे प्रश्न गावच्या पारापासून जिल्हा परिषदेच्या सभागृहापर्यंत ऐकू येतात. हे प्रश्न स्वाभाविक आहेत. तथापि त्यांची उत्तरे शोधताना बहुधा केवळ रकमेकडे पाहिले जाते. रक्कम ज्या सूत्राने ठरते त्या सूत्राकडे फारसे लक्ष जात नाही. प्रत्यक्षात जिल्ह्याचे पदरात पडणारे माप त्या सूत्रातच आधी ठरलेले असते. म्हणूनच ही सूत्रे कोणती, ती कशी चालतात आणि त्यांतून समतोल कितपत साधतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंतचे तीन मार्ग

केंद्राचा पैसा जिल्ह्यात प्रामुख्याने तीन मार्गांनी येतो. पहिला मार्ग राज्याच्या तिजोरीतून जातो. राज्यघटनेच्या २८० व्या अनुच्छेदानुसार नेमण्यात येणारा वित्त आयोग केंद्राच्या विभाज्य करांतील राज्यांचा हिस्सा ठरवितो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी हा हिस्सा ४१ टक्के ठरविला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के एवढा होता. राज्याराज्यांतील वाटपासाठी आयोगाने लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, वने व पर्यावरणाला १०, लोकसंख्या नियंत्रणातील कामगिरीला १२.५ आणि करवसुलीच्या प्रयत्नांना २.५ टक्के भार दिला. सर्वांत मोठा, म्हणजे ४५ टक्के भार, दरडोई उत्पन्नातील अंतराला देण्यात आला. तुलनेने संपन्न असलेल्या महाराष्ट्राला त्यामुळे लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा कमी वाटा मिळतो. एप्रिल २०२६ पासूनच्या पाच वर्षांसाठी डॉ. अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखाली सोळावा वित्त आयोग नेमण्यात आला. करांच्या हिश्श्यातून आलेली ही रक्कम एकदा राज्याच्या एकत्रित निधीत जमा झाली की तिच्यावर कोणत्याही जिल्ह्याचे नाव नसते. पुढचे वाटप राज्याच्या निर्णयावर अवलंबून राहते.

दुसरा मार्ग केंद्र पुरस्कृत योजनांचा होय. ग्रामीण रस्ते, आरोग्य, शिक्षण, घरकुल अशा योजनांत केंद्र व राज्य यांचा खर्चाचा वाटा सर्वसाधारणपणे ६० : ४० असा असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी तो ९० : १० असतो. यांपैकी अनेक योजनांचा निधी पूर्वी थेट जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे पाठविला जाई. २०१४-१५ पासून तो राज्याच्या कोषागारामार्फत देण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे विधिमंडळाच्या देखरेखीखाली हा खर्च आला. मात्र राज्याने आपला हिस्सा वेळेवर उपलब्ध करून दिला नाही तर काम खोळंबते, ही अडचणही त्यासोबत आली.

तिसरा मार्ग केंद्राच्या प्रत्यक्ष खर्चाचा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, संरक्षण दले, केंद्रीय कार्यालयांतील वेतन व निवृत्तिवेतन, तसेच २०१९ पासून शेतकरी कुटुंबाच्या बँक खात्यात वर्षाला ६,००० रुपये जमा करणारी किसान सन्मान योजना ही त्याची उदाहरणे होत. हा पैसा जिल्ह्यात येतो. परंतु जिल्हा नियोजन समितीच्या कागदपत्रांत तो दिसत नाही.

सूत्र बदलले की वाटा बदलतो

वाटपाचे सूत्र म्हणजे केवळ कोरडे गणित नव्हे, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ आणि गडचिरोली जिल्ह्याची १०,७२,९४२ होती. क्षेत्रफळ मात्र कोल्हापूरचे ७,६८५ चौरस किलोमीटर, तर गडचिरोलीचे १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे लोकसंख्येत कोल्हापूर साडेतीन पटींहून मोठा आणि विस्तारात गडचिरोली जवळजवळ दुप्पट.

समजा, या दोनच जिल्ह्यांत १०० रुपये वाटावयाचे आहेत. केवळ लोकसंख्येच्या आधारे वाटप केल्यास कोल्हापूरला सुमारे ७८ आणि गडचिरोलीला २२ रुपये मिळतील. केवळ क्षेत्रफळाचा आधार घेतल्यास कोल्हापूरला ३५ आणि गडचिरोलीला ६५ रुपये येतील. दोहोंना समान भार दिल्यास हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५७ आणि ४३ असे होईल. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाचे राज्यवार वाटप करताना लोकसंख्येला ९० आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला. तेच प्रमाण येथे लावल्यास कोल्हापूरच्या वाट्याला ७४ आणि गडचिरोलीच्या वाट्याला २६ रुपये जातील.

चारही वाटपे गणिती दृष्ट्या अचूक आहेत आणि चारही नियमानुसार आहेत. तथापि प्रत्येकामागील विचार निराळा आहे. लोकसंख्येचे सूत्र प्रत्येक माणसाला समान मानते. क्षेत्रफळाचे सूत्र हे ध्यानात घेते की, दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहणाऱ्या वनप्रदेशात एका वस्तीपर्यंत रस्ता, वीज आणि परिचारिका पोहोचविण्यास दर माणशी अधिक खर्च येतो. कोल्हापुरातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कक्षेत जेवढी गावे सामावतात, तेवढ्यांना सेवा देण्यासाठी गडचिरोलीतील कर्मचाऱ्याला नदीनाले ओलांडून कितीतरी अधिक अंतर तोडावे लागते. या दोन विचारांची सांगड कशी घालावयाची, हा वाटपातील खरा प्रश्न आहे.

लोकसंख्येचा आकडा घेतानाही सावधगिरी हवी. २०११ नंतरची जनगणना लांबणीवर पडली आणि पुढील जनगणना २०२७ साठी जाहीर करण्यात आली. दरम्यान ऑगस्ट २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ठाणे, पुणे यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या भागांत नव्याने वसलेली माणसे जुन्या आकड्यांत मोजलेली नाहीत. ज्यांची गणती झालेली नाही, त्यांच्या वाट्याचे पाणी आणि शाळेची खोली सूत्रातही उतरत नाही.

गरज, मागणी आणि उगम

सर्वच योजना लोकसंख्येवर चालत नाहीत. काहींचा आधार गरज हा असतो. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत सपाट प्रदेशातील ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागातील २५० लोकवस्तीच्या, बारमाही रस्त्याने न जोडलेल्या वस्त्या निवडण्याचे धोरण होते. जेथे अशा वस्त्या अधिक, तेथे निधी अधिक, असा हा सरळ हिशेब. मागास जिल्ह्यांसाठी २००६-०७ पासून मागास क्षेत्र अनुदान निधी ही योजना देशातील २५० जिल्ह्यांत राबविण्यात आली. त्यात महाराष्ट्रातील १२ जिल्हे होते : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, अमरावती, नांदेड, हिंगोली, नंदुरबार, धुळे आणि त्या काळी औरंगाबाद व अहमदनगर या नावांनी ओळखले जाणारे दोन जिल्हे. केंद्राने २०१५-१६ पासून ही योजना बंद केली. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हे कार्यक्रम आला. त्यात राज्यातील नंदुरबार, गडचिरोली, वाशीम व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) हे चार जिल्हे निवडले गेले. या कार्यक्रमाचा भर वेगळ्या मोठ्या निधीवर नाही. अस्तित्वात असलेल्या योजना एकत्र आणणे आणि ४९ निर्देशकांवर प्रगती मोजणे, असे त्याचे स्वरूप आहे.

काही योजनांत मागणी हाच आधार असतो. रोजगार हमीचा जन्म महाराष्ट्रात झाला. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या या कल्पनेला राज्याच्या १९७७ च्या कायद्याने आधार दिला. त्याच धर्तीवर केंद्राचा २००५ चा कायदा झाला. तो फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील २०० जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पर्यंत सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. त्यात जिल्ह्याची मर्यादा आधी ठरलेली नसे; मजुरांनी काम मागितले की निधी देणे बंधनकारक होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा नवा कायदा संमत केला. त्यात राज्यनिहाय नियतव्यय निकषांनुसार आधी ठरविण्याची तरतूद आहे. मागणीकडून निकषाकडे झालेला हा बदल जिल्ह्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मागणीच्या पद्धतीत जागरूक ग्रामसभा आणि पुरेसे तांत्रिक कर्मचारी असलेल्या भागांना लाभ अधिक होतो. निकषाच्या पद्धतीत मुख्य प्रश्न निकष कोणते, हा राहतो.

निधीचा उगम हा तिसरा आधार. खाणी असलेल्या भागांसाठी २०१५ मध्ये खाण व खनिजे कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यांवर १० टक्के एवढी रक्कम या प्रतिष्ठानाकडे जमा होते. कोळसा व अन्य खनिजे असलेल्या चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ, गडचिरोली या जिल्ह्यांना त्यामुळे स्वतंत्र साधन मिळाले. खाणीची धूळ आणि विस्थापन सोसणाऱ्या गावांसाठी हा निधी आहे, याचे विस्मरण मात्र होता कामा नये.

खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेचा आधार आणखी वेगळा आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २०११-१२ पासून प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये ठरविण्यात आले. येथे मतदारसंघ हा एकक आहे. मुंबईच्या दोन जिल्ह्यांत लोकसभेचे सहा मतदारसंघ आहेत. उलट गडचिरोली-चिमूर हा एकच मतदारसंघ गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे.

महाराष्ट्रातील समतोलाचा शोध

जिल्हावार निधीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातच निरनिराळ्या विभागांवरील खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, असे तत्त्व मान्य झाले होते. राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविण्याची तरतूद आहे.

या शोधातील मोलाचा टप्पा म्हणजे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समिती होय. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तांत्रिक शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे समितीने मोजले आणि ती तूट भरून काढण्याचा खर्च काढला. तोच अनुशेष. एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांच्या अनुशेषात विदर्भाचा वाटा १,२४६.५४ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी रुपये होता. समितीचे मोठे योगदान असे की, तिने विभागाऐवजी जिल्हा हे मापनाचे एकक धरले. त्यामुळे उर्वरित महाराष्ट्रातही मागे राहिलेले जिल्हे आहेत, ही गोष्ट आकड्यांनिशी पुढे आली.

राष्ट्रपतींच्या मार्च १९९४ च्या आदेशानंतर तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये ठरविला. त्यात विदर्भाचा ६,६२४.०२ कोटी, मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३,३७८.२० कोटी रुपये वाटा होता. दहा वर्षांत अनुशेषाचा आकडा चौपटीहून अधिक झाला, याचा अर्थ त्या काळात काहीच काम झाले नाही, असा नव्हे. किंमती वाढल्या आणि सरासरीही पुढे सरकली. पुढे असलेला जिल्हा थांबत नसल्याने मागच्या जिल्ह्याचे अंतर केवळ चालण्याने मिटत नाही. त्याला अधिक वेगाने चालावे लागते.

२००१ पासून राज्यपालांच्या निर्देशांनुसार निधीचे विभागवार वाटप होऊ लागले. परंतु आर्थिक अनुशेष भरून निघाला तरी भौतिक अनुशेष उरतो, असा अनुभव आला. अमरावती विभागातील अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांतील सिंचनाचा अनुशेष दीर्घकाळ रेंगाळला, हे त्याचे ठळक उदाहरण. भूसंपादन, वनजमिनीची परवानगी आणि पुनर्वसन यांत प्रकल्प अडकले की तरतूद होऊनही पाणी शेतापर्यंत पोहोचत नाही. २०११ मध्ये नेमलेल्या डॉ. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल देऊन समतोल विकासाचा नव्याने विचार मांडला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

जिल्हा नियोजन समितीचे कार्य

घटनेच्या २४३ यडी अनुच्छेदानुसार आणि राज्याच्या १९९८ च्या अधिनियमानुसार प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष व जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडावयाचे असतात. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी घटक कार्यक्रम असे जिल्हा वार्षिक योजनेचे भाग आहेत. सुखटणकर समितीच्या शिफारशींनंतर आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी एकत्रितपणे आदिवासी विकास विभागाकडे सोपविण्याची पद्धत राज्याने १९९३-९४ पासून स्वीकारली. पुढे २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना या निधीपैकी पाच टक्के अबंध निधी थेट देण्याचा निर्णय झाला. पंधराव्या वित्त आयोगाचे ग्रामीण अनुदानही राज्यात ग्रामपंचायतींना ८०, पंचायत समित्यांना १० आणि जिल्हा परिषदांना १० टक्के अशा प्रमाणात विभागण्यात आले. त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती.

खर्च कोठे झाला, लाभ कोठे गेला

कोणत्या जिल्ह्यावर किती खर्च झाला, हे मोजणेही वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे संघराज्य शासनाचा खर्च परगण्यानुसार दर्शविणारा एकत्रित अहवाल जनगणना कार्यालयाकडून १९८३ ते २०१० या आर्थिक वर्षांसाठी प्रसिद्ध होत असे. त्यात राज्यांच्या राजधान्या असलेले परगणे फार मोठा निधी मिळविणारे दिसत. कारण राज्य शासनाला दिलेल्या अनुदानाची नोंद राजधानीत होई, पुढे तो पैसा राज्यभर वाटला गेला तरीही. निवृत्तिवेतन मात्र निवृत्त व्यक्ती जेथे राहते तेथे नोंदले जाई.

आपल्याकडेही हाच सावधगिरीचा नियम लागू पडतो. मुंबईतील केंद्रीय कार्यालयांचा, रेल्वे मुख्यालयांचा किंवा नौदलाच्या गोदीचा खर्च मुंबईत होतो. पण त्याचा लाभ केवळ मुंबईकरांपुरता नसतो. उलट एखाद्या दुर्गम जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गाचा खर्च त्या जिल्ह्याच्या नावे दिसेल. परंतु त्यावरून धावणारी वाहतूक अन्य शहरांची असू शकेल. म्हणून दोन जिल्ह्यांची तुलना करताना खर्चाच्या आकड्याबरोबर प्रत्यक्ष सेवा किती मिळाली, हेही पाहिले पाहिजे.

खर्च करण्याची क्षमता

निधीच्या वाटपातील आणखी एक विषमता आकड्यांत सहसा दिसत नाही. ती म्हणजे खर्च करण्याच्या क्षमतेची. काम मंजूर होण्यास प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश असे टप्पे पार करावे लागतात. पुढचा हप्ता मिळण्यास आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ज्या जिल्ह्यात अभियंत्यांची, लेखा कर्मचाऱ्यांची व वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असतात, तेथे हे टप्पे रेंगाळतात आणि ३१ मार्च जवळ आला की निधी समर्पित करण्याची वेळ येते. पुढील वर्षी खर्च कमी झाला म्हणून मागणी कमी समजली जाते. अशा रीतीने ज्याला अधिक हवे त्यालाच कमी मिळण्याचे चक्र सुरू होते. हे चक्र तोडावयाचे तर मागास जिल्ह्यांना पैशाबरोबर माणसे दिली पाहिजेत. सूत्रात गरजेला दिलेला भार मनुष्यबळाच्या नेमणुकीतही दिसला पाहिजे.

नागरिकांचा सहभाग

निधीवाटपाचे सूत्र कोणतेही असो, ते सर्वांना समजेल अशा भाषेत जाहीर होणे आवश्यक आहे. जिल्हा नियोजन समितीचा मंजूर आराखडा, योजनानिहाय तरतूद, वितरित रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च हे चार आकडे एकत्र ठेवले की जिल्ह्याचे चित्र बऱ्याच अंशी स्पष्ट होते. तरतूद भरपूर आणि वितरण कमी असेल तर प्रश्न कोषागाराकडे विचारावयाचा. वितरण होऊनही खर्च झाला नसेल तर तो कार्यान्वयीन यंत्रणेकडे. खर्च होऊनही नळाला पाणी आले नसेल, तर ग्रामसभेने कामाच्या जागी जाऊनच त्याचा जाब घेतला पाहिजे.

जिल्ह्याजिल्ह्यांत निधीसाठी स्पर्धा असणे वावगे नाही. तथापि समान वाटणी म्हणजे समतोल नव्हे आणि अधिक तरतूद म्हणजे विकास नव्हे, हे महाराष्ट्राने गेल्या चार दशकांच्या अनुभवातून शिकले आहे. दांडेकर समितीने मोजमापाची शिस्त घालून दिली. मोजमाप ताजे ठेवणे, गरजेला पुरेसा भार देणे आणि दिलेला निधी खर्च करण्याचे सामर्थ्य दुबळ्या जिल्ह्यांत निर्माण करणे, ही पुढची तीन कामे आहेत. ती झाली तरच भामरागडच्या वस्तीतील मुलाला आणि करवीर तालुक्यातील मुलाला सारख्याच योग्यतेची शाळा, दवाखाना व रस्ता मिळेल. निधीवाटपाचे कोणतेही सूत्र अखेरीस याच कसोटीवर पारखले गेले पाहिजे.